प्लेन बॉब मायनर: कागदावर येतं, दोरीवर नाही

अनुजा_लेस्टरशर
आमच्या खेड्यातल्या चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा आहेत. सरावाला जाते. (देवाधर्मासाठी नाही, क्रमपर्यायांचं गणित आवडतं म्हणून.) घंटा तोंड वर करून उभी असते, दोरी ओढली की पूर्ण गिरकी घेते आणि पुन्हा तोल सांभाळत वर येते. एवढं हाताला बसलंय, प्लेन हंटही (ओळीत पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत एकेक सरकत जाणं आणि तसंच परत येणं) येतं. आता प्लेन बॉब मायनर (दर ओळीत सहाही घंटा एकेकदा वाजवून त्यांचा क्रम ठरलेल्या रीतीनं बदलत नेणं) शिकतेय, 2 नंबरची घंटा. साठच्या साठ ओळी तोंडपाठ आहेत, तरी पहिला डॉज (एक पाऊल उलटं जाऊन पुन्हा पुढे) झाला की आपण ओळीतल्या कुठल्या घरात, म्हणजे कितव्या जागी आहोत तेच कळेनासं होतं. इथे कुणी वाजवतं का?

पाध्ये_डेव्हन
साठ ओळी? कशाला! घंटा शेकडो किलोची, ती मनात येईल तेव्हा थोडीच वाजते. जरा लवकर किंवा जरा उशिरा, बास. म्हणून तर प्रत्येक ओळीत एकच घर पुढेमागे, नाहीतर जागच्या जागी. सहाही घंटांचं ओझं तुम्ही का वाहताय? आपल्या एकीचा रस्ता लक्षात ठेवा. 2 चा क्रम असा: 3-4 खाली (म्हणजे तिसऱ्या-चौथ्या घरात डॉज), 5-6 खाली, 5-6 वर, 3-4 वर, सेकंड्स (दुसऱ्या घरात लागोपाठ दोन ठोके). 'खाली' म्हणजे लीडकडे, पहिल्या घराकडे येताना. तुमचा पहिला डॉज मनात असा म्हणा: चार, तीन, चार, तीन, दोन, लीड. घर मोजायचं; समोर कोण आहे तिचा नंबर नाही.

अनुजा_लेस्टरशर
नंबर नाही, तर मग कुणाच्या मागून ओढायचं ते कसं कळणार?

पाध्ये_डेव्हन
दोऱ्या बघून. सॅलीकडे (दोरीवरच्या हातात धरायच्या लोकरी भागाकडे) टक लावून बसू नका, नजर सगळ्या वर्तुळावर सैल ठेवा. सगळ्यात शेवटी खाली आलेली दोरी तुमच्या पुढची. हे यायला वेळ लागतो, त्याला इलाज नाही.

ठेका_धरा
आणि ट्रेबलवर, म्हणजे 1 नंबरच्या घंटेवर लक्ष ठेवा! ती साधं हंटिंग करते आणि ती लीडला आली की बाकीच्यांचे डॉज. तिनं तुम्हाला लीडवरून उठवलं तर सेकंड्स करून परत लीड. 2-3 मध्ये तिला ओलांडलंत तर 3-4 वर. चुकलात तरी या खुणांवरून पुन्हा रस्त्याला लागता येतं. मी तबला वाजवतो, म्हणून एक जास्तीचं: हँडस्ट्रोक (सॅली धरून ओढणं) आणि बॅकस्ट्रोक (दोरीचं टोक धरून ओढणं) मिळून बारा ठोके झाले की एका ठोक्याइतकी जागा रिकामी सोडतात. ती कानात ठेवली की लीड चुकत नाही.

गुरुवार_पेठ
वाजवत नाही, पण राहवलं नाही. आमच्या पंचहौद मिशनच्या पवित्र नाम देवालयातही अशाच गिरकी घेणाऱ्या आठ घंटा आहेत. हो, तेच पंचहौद, 1890 च्या टिळक-रानड्यांच्या चहाचं.

अनुजा_लेस्टरशर
अरेच्चा, माझं माहेर नारायण पेठेत आणि मला पत्ताच नाही! दिवाळीत येणार आहे, बघून येईन.
ठेकाभाऊ, रिकाम्या जागेचं आमच्या शिक्षिकाबाई सांगत असाव्यात, 'लीड उघडी ठेव, उघडी ठेव' असं ओरडत असतात. पाध्येकाका, आकड्यांचा कागद कपाटात टाकला. मधेच 'बॉब!' अशी क्रम बदलायची हाक देतात, तिचं काय करायचं?

पाध्ये_डेव्हन
आत्ता काही नाही. साधा कोर्स (हाकेविना साठ ओळी) सलग जमू दे. तोवर हाका देणाऱ्या कंडक्टरला सांगून ठेवा, तुमच्या हाती दोरी असताना हाक द्यायची नाही.