लग्नाच्या बायोडाटात 'गोत्र' हा रकाना हवाच कशाला?

पेठकरी:
कोल्हापूरकडच्या मराठा-कुणबी स्थळांचे बायोडाटा बघा. गोत्राच्या रकान्यात काश्यप नाहीतर कौंडिण्य लिहिलेलं असतं आणि देवकाचा, म्हणजे कुळानं पूज्य मानलेल्या झाडा-पाल्याचा, रकाना मोकळा. माझ्या मते हे नेमकं उलटं आहे. याज्ञवल्क्य स्मृतीवरच्या 'मिताक्षरे'त विज्ञानेश्वरानं स्वच्छ लिहिलंय की क्षत्रिय-वैश्यांना स्वतःचं गोत्र आणि प्रवर (गोत्राबरोबर उच्चारायची ऋषींची नावं) नाही, पुरोहिताचं तेच त्यांचं. म्हणजे दोन घरांचा भटजी एक, तर गोत्र एक. एवढ्यावरून चांगलं स्थळ मोडायचं? कायद्यानं तर सगोत्र विवाहाची आडकाठी 1946 सालीच काढली. आपल्यात सोयरीक जुळते की नाही हे देवकावर ठरतं. तेच विचारा.

स्वस्तिवाचन:
अर्धं बरोबर, अर्धं घाईचं. संकल्पाला, कन्यादानाला, श्राद्धाला गोत्राचा उच्चार लागतो. माहीत नसेल त्यानं 'काश्यप' म्हणावं ही सोय जुनी आहे, म्हणून तो एवढा दिसतो. ब्राह्मणांत गोत्राबरोबर प्रवरही बघतात. प्रवर एक, दोन, तीन किंवा पाच ऋषींचं असतं, चारांचं नसतं. गोत्रं वेगळी असून प्रवर जुळलं तरी अडतं. सरसकट 'रकाना काढा' म्हणू नका. शिवाय गोत्राला एवढं पोकळ म्हणताय, मग वेदोक्तासाठी, म्हणजे वेदमंत्रांनी विधी व्हावेत म्हणून, कोल्हापुरात एवढं रामायण कशाला झालं?

पेठकरी:
वेदोक्ताचं भांडण गोत्राचं नव्हतंच. 1899 ला पंचगंगेवर प्रश्न उठला तो मंत्र वेदातले म्हणायचे की पुराणातले, हा. आणि त्याचा शेवट शाहू महाराजांनी 1920 ला वेगळं क्षात्र जगद्गुरूपद, म्हणजे मराठ्यांचा स्वतःचा धर्मगुरू, उभं करून केला. पुरोहितच बदलला म्हटल्यावर पुरोहिताकडून आलेल्या गोत्राचं काय करायचं, ते तुम्हीच सांगा.

मोरवेल:
देवकाचा एवढा भरवसाही बरा नव्हे. मोबाईलवर फिरणाऱ्या मराठ्यांच्या शहाण्णव कुळांच्या याद्या काढा, एकीचं दुसरीशी जुळत नाही. एकाच आडनावाला एकीत कळंब, दुसरीत मोरवेल. लोक यादीतलं उचलतात आणि बायोडाटात घालतात.
सगळ्यात मोठी फसगत पंचपल्लवाची. आंबा, वड, पिंपळ, उंबर, जांभूळ असे पाच पाले. काही कुळांचं हे खरंच देवक आहे. पण ज्याला आपलं आठवत नाही तोही 'पंचपल्लव' म्हणून मोकळा होतो. मग अख्खी भावकी-सोयरीक एका देवकाची दिसायला लागते आणि जुळणारं स्थळ उगाच मोडतं.
खातरजमा करायची तर यादी बाजूला ठेवा. घरातल्या थोरल्या लग्नात देवक कुणी आणलं, ते विचारा. ते आणायचा मान चुलता-चुलती किंवा थोरला भाऊ-भावजय अशा जोडप्याचा असतो. गाठ बांधून, वाजतगाजत, मारुतीच्या देवळातून आणतात आणि मुहूर्तमेढीजवळ बसवतात. ज्या बाईच्या पदराला गाठ होती तिला सूपात कुठला पाला होता ते बरोबर सांगता येतं. दुसरी खूण म्हणजे ज्या घरात एखादं झाड तोडत नाहीत, त्याचं लाकूड चुलीत घालत नाहीत, तेच देवक असावं असं धरा.

कायदा_बोलतो:
गोत्र झालं, देवक झालं. मामाच्या पोरीचं काय? देवक वेगळं म्हणून आपल्याकडं ते लग्न बिनदिक्कत होतं. हिंदू विवाह कायदा, 1955 बघा. सपिंडांत लग्न चालत नाही. सपिंड म्हणजे आईकडून तिसऱ्या, बापाकडून पाचव्या पिढीपर्यंत, आणि मोजणी स्वतःपासून. मुलगा एक, आई दोन, आजोबा तीन. मुलगी एक, तिचा बाप म्हणजे मामा दोन, आजोबा तीन. दोघंही मर्यादेच्या आत. त्याच कायद्यात भाऊ-बहिणीची मुलं निषिद्ध नात्यातही येतात. ते लग्न टिकतं ते फक्त रूढीच्या अपवादावर, आणि वाद झाला तर रूढी आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. वीस पिढ्यांमागचा ऋषी एक म्हणून नकार द्यायचा आणि आजोबा एक असताना अक्षता टाकायच्या, हा न्याय मला कळत नाही. थॅलेसेमियाची रक्ततपासणी मात्र कुणीच विचारत नाही.

सुगीपाणी:
भावांनो, आडनावावरून कूळ ठरवायचं आधी बंद करा. आपल्या जिल्ह्यात पाटील मराठा आहे, जैन आहे, लिंगायत आहे. ती वतनाची पदवी, कूळ नव्हे. जाधव, पवार, मोरे किती जातींत आहेत ते मोजत बसा.
कूळ बघायचं तर हेळव्याला, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणाऱ्याला, गाठा. गडहिंग्लज-कागल पट्ट्यात सुगीनंतर बैल घेऊन येतात. मूळ गाव, कुळदैवत, कोण कुठं फुटून गेलं, सगळं वहीत असतं, बऱ्याचदा कन्नड लिपीत. धान्य-कापड द्यायचं, नवी नावं चढवून घ्यायची.

कायदा_बोलतो:
हेळव्याची वही घरात ठेवायला छान. जात पडताळणीला तेवढ्यावर भागत नाही. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो आणि वंशावळीतला प्रत्येक दुवा कागदानं जोडावा लागतो: जन्म-मृत्यू नोंद, शाळेचा दाखला, फेरफार. अडतं ते नावात. जुन्या कागदात 'तुका बिन राणू' (राणूचा मुलगा तुका) एवढंच, आडनाव नाही. पुढं शाळेत तोच 'तुकाराम पाटील', आणि नातवानं पाटील सोडून मूळ आडनाव लावलेलं. दत्तक गेला असेल तर दुवा दुसऱ्याच घरात सापडतो. मोडी कागदाचं लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्या, 'राणू'चा 'राघू' झाला की अर्ज लटकला.

लेकमाहेर:
सगळ्यांच्या वंशावळीत पोरी कुठं आहेत? हेळव्याच्या वहीत त्या असल्या तर असल्या. तलाठ्याकडं वारस नोंदीला हीच बाप्यांची वंशावळ नेऊन देतात, बहिणींची नावं गाळतात, आणि मग फेरफारावर तक्रार पडते. लेकी महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून जन्मानं सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत वाटेकरी, आहेत. सासरी गोत्र बदलतं म्हणून माहेरच्या कागदावरचं नाव पुसलं जात नाही.

स्वस्तिवाचन:
ताई, विधीत गोत्र बदलतं आणि सातबाऱ्यात हक्क राहतो, यात विरोध काहीच नाही. दोन्ही वेगळी खाती आहेत.

लेकमाहेर:
मग बायोडाटात आईचं माहेरचं देवक लिहायलाही हरकत नसावी. काही घरांत मामाकडची सोयरीक त्यावर अडते, आणि तो रकाना कुणीच छापत नाही.

पेठकरी:
हे मान्य. गोत्राच्या जागी तोच छापा.