बिलिंग सॉफ्टवेअरमधून औषध दुकानदारांना कर्जाची सोय द्यावी का?

प्रश्न – बिलबुक, कर्वेनगर

नमस्कार. आमची छोटी भागीदारी संस्था औषध दुकानांसाठी बिलिंग आणि साठा सांभाळणारे सॉफ्टवेअर पुरवते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधील बरीच दुकाने ते वापरतात. त्यांची खरेदी मुख्यतः सदाशिव पेठेतील स्टॉकिस्टांकडून, म्हणजे घाऊक औषध विक्रेत्यांकडून होते आणि खरेदीची बिले थेट आमच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरतात.

एका बिगरबँक वित्तसंस्थेने आमच्यापुढे प्रस्ताव ठेवला आहे. खरेदी बिलाच्या पानावर ‘३० दिवसांनी फेडा’ असे बटण द्यायचे. दुकानदाराने ते दाबले की स्टॉकिस्टाला रक्कम त्याच दिवशी मिळेल आणि दुकानदार त्या वित्तसंस्थेचा कर्जदार होईल. प्रत्येक कर्जामागे आम्हाला कमिशन मिळेल. त्या बदल्यात आम्ही दुकानांच्या विक्रीची मागील वर्षाची माहिती द्यावी आणि बुडीत कर्जाचा काही भार उचलावा, अशी त्यांची अपेक्षा आहे.

सॉफ्टवेअरच्या वार्षिक वर्गणीतून मिळणारे उत्पन्न आता फारसे वाढत नाही, त्यामुळे प्रस्ताव मोहात पाडणारा आहे. मात्र ही दुकाने आमच्यावर विश्वास ठेवून रोजचा हिशेब आमच्या हाती देतात. या व्यवहारात कायद्याने आमची भूमिका काय ठरते, कोणत्या गोष्टींना स्पष्ट नकार द्यावा आणि दुकानदाराच्या दृष्टीने ही सोय खरोखर फायद्याची आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर – औंधकर

मी काही वर्षे एका वित्तसंस्थेत अशाच भागीदाऱ्यांचे काम पाहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण कर्ज देणार नाही, त्यामुळे आपल्याला वित्तसंस्थेचा परवाना लागणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या भाषेत आपण ‘लेंडिंग सर्व्हिस प्रोव्हायडर’, म्हणजे कर्जदात्याच्या वतीने ग्राहक आणणारे आणि सेवा देणारे मध्यस्थ ठरता. २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी या मध्यस्थांना पहिल्यांदा नीट चौकटीत बसवले आणि ८ मे २०२५ च्या डिजिटल कर्जविषयक निर्देशांनी ते सर्व नियम एकत्र केले. आपल्या चुकीचे उत्तर रिझर्व्ह बँकेला वित्तसंस्था देईल, पण ती जबाबदारी करारातून आपल्यावर येणारच. म्हणून हे निर्देश आपण स्वतः वाचावेत, त्यांच्या विक्री अधिकाऱ्याच्या सादरीकरणावर विसंबू नये.

सर्वांत आधी पैशाचा मार्ग तपासा. कर्जाची रक्कम मध्यस्थाच्या खात्यातून जाता कामा नये. ती कर्जदाराच्या बँक खात्यात जमा व्हावी लागते. कर्ज विशिष्ट कारणासाठीच असेल, तर ती थेट अंतिम लाभार्थ्याच्या खात्यात जाऊ शकते, आणि आपल्या बाबतीत हा लाभार्थी म्हणजे स्टॉकिस्ट. परतफेडही थेट वित्तसंस्थेच्या खात्यात झाली पाहिजे. ‘सुरुवातीला तुमच्या खात्यात गोळा करून आम्हाला पाठवा’ असे कोणी सुचवले, तर तेथेच थांबा. कर्ज बाजूला ठेवून नुसते दुकानदारांचे पैसे गोळा करून स्टॉकिस्टांना पोहोचवायचे म्हटले, तरी आपण पेमेंट ॲग्रिगेटर, म्हणजे इतरांचे पैसे गोळा करून पोहोचवणारी संस्था ठरू शकता. त्यासाठी अर्ज करतानाच १५ कोटी रुपयांची आणि पुढे २५ कोटी रुपयांची निव्वळ मालमत्ता लागते. लहान संस्थेने अधिकृत ॲग्रिगेटरची सेवा घेणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

बुडीत कर्जाचा भार उचलण्याबाबत तर आपल्यासाठी उत्तर सरळ आहे. जून २०२३ पासून अशा हमीला परवानगी आहे, पण ती त्या कर्जसंचाच्या, म्हणजे हमीखाली येणाऱ्या एकूण कर्जांच्या, ५ टक्क्यांहून अधिक असू शकत नाही, ती रोख ठेव, तारण म्हणून बांधलेली मुदत ठेव किंवा बँक हमी याच रूपांत द्यावी लागते, आणि हमी देणारा मध्यस्थ कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी असावा लागतो. आपली भागीदारी संस्था असल्याने आपण ती देऊ शकत नाही. ‘विपणन खर्चाची वजावट’ अशा नावाने तोच भार करारात मागील दाराने आला आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्या, कारण असे कलम मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

तिसरी बाब म्हणजे पडद्यावर काय दिसते. करार होण्यापूर्वी दुकानदाराला मुख्य तथ्यपत्रक, म्हणजे कर्जाच्या अटी आणि खर्च थोडक्यात सांगणारे पत्रक मिळाले पाहिजे आणि त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असला पाहिजे. हे पत्रक किरकोळ कागद समजू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्या पुण्याच्याच बजाज फायनान्सला ‘ई-कॉम’ आणि ‘इन्स्टा ईएमआय कार्ड’ या दोन योजनांतील नवी कर्जे थांबवायला सांगितले होते आणि त्याच्या कारणांत तथ्यपत्रक न देणे हे ठळक होते. ते निर्बंध मे २०२४ मध्ये उठले. एवढ्या मोठ्या संस्थेचे काम ज्यावरून थांबू शकते, ते आपल्या पडद्यावर बटणाच्या आधी आणि वाचता येईल अशा अक्षरांत असावे. कर्ज घेतल्यावर किमान एक दिवस मुद्दल आणि तेवढ्या काळाचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडण्याची मुभाही द्यावी लागते. आपले कमिशन वित्तसंस्थेने द्यायचे असते, ते दुकानदाराकडून वेगळे घेता येत नाही.

उत्तर – ताळेबंद, टिळक रस्ता

औंधकर यांनी नियम नीट मांडले आहेत. मी सनदी लेखापाल असून माझ्या अशिलांत औषध दुकानदार आणि स्टॉकिस्ट दोन्ही आहेत. मला व्यापाराच्या बाजूने काही सांगायचे आहे, कारण प्रस्ताव आणणाऱ्यांना ती बाजू बहुधा ठाऊक नसते.

औषधांच्या धंद्यात उधारी आधीपासूनच आहे. ओळखीच्या दुकानाला स्टॉकिस्ट साधारण तीन आठवडे थांबतो आणि लगेच पैसे देणाऱ्याला कॅश डिस्काउंट देतो. समजा बिल ५०,००० रुपयांचे आहे आणि रोखीवर २ टक्के, म्हणजे १,००० रुपये सूट आहे. वित्तसंस्था ३० दिवसांसाठी दीड टक्का, म्हणजे ७५० रुपये घेणार असेल आणि ती सूट दुकानदाराला मिळणार असेल, तर त्याचे २५० रुपये वाचतात आणि वर मुदतही वाढते. पण स्टॉकिस्टाने ‘तुम्ही कर्जावर घेतले, मग सूट कसली’ असे म्हटले, तर दुकानदार पूर्वी बिनव्याजी मिळणाऱ्या मुदतीसाठी व्याज भरू लागतो, आणि स्टॉकिस्टाला मात्र पैसेही लगेच मिळतात आणि सूटही वाचते. म्हणून ही सूट कोणाला मिळणार, हे तुमच्या करारात आणि बिलाच्या पानावर लिहिलेले असावे. माझ्या मते संपूर्ण प्रस्तावाचा निकाल याच एका ओळीवर लागतो.

दुसरी अडचण क्रेडिट नोटची. मुदत संपलेला किंवा फुटका माल दुकानदार परत पाठवतो, काही आठवड्यांनी स्टॉकिस्टाची क्रेडिट नोट, म्हणजे परत गेलेल्या मालाची रक्कम जमा धरल्याची चिठ्ठी येते आणि ती पुढच्या बिलातून वजा होते. आज दोघांचे खाते एकच असल्याने हे जमून जाते. वित्तसंस्थेने बिल फेडल्यावर मात्र खाती दोन होतात. कर्ज पूर्ण रकमेचे राहते आणि क्रेडिट नोट स्टॉकिस्टाकडे पडून राहते. ८,००० रुपयांचा माल परत गेला, तरी दुकानदाराला वित्तसंस्थेचे ५०,००० रुपयेच भरावे लागतात. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल आणि क्रेडिट नोट दोन्ही दिसत असल्याने, येणे असलेल्या क्रेडिट नोटांची रक्कम आधी वजा करून उरलेल्याच रकमेवर कर्ज देऊ करणे तुम्हाला शक्य आहे. बाहेरच्या कोणत्याही कर्ज ॲपला ते जमणार नाही.

उशीर झाल्यावर काय होते, यातही मोठा फरक आहे. स्टॉकिस्टाचे पैसे दहा दिवस थकले, तर त्याचा माणूस दोनदा फोन करतो, फार तर पुढचा माल अडवतो. वित्तसंस्थेची थकबाकी मात्र पतमाहिती कंपन्यांकडे नोंदली जाते आणि दुकानदार उद्या गृहकर्जासाठी गेला, की ती त्याच्यासमोर येते. विशेषतः एकल मालकीच्या (प्रोप्रायटरी) दुकानात असे होते, कारण तेथे मालक आणि दुकान कायद्याने एकच असतात.

दर सांगण्याच्या पद्धतीबद्दलही सावध राहा. आज ३० दिवसांचे बटण आहे, उद्या तीच संस्था बारा हप्त्यांचे कर्ज आणेल. १ लाख रुपयांवर ‘महिना दीड टक्का’ सरळ दराने, म्हणजे कायम मूळ रकमेवर आकारल्यास, वर्षाला १८,००० रुपये व्याज होते आणि हप्ता ९,८३३ रुपयांचा बसतो. मुद्दल दरमहा कमी होत असल्याने प्रत्यक्ष वार्षिक दर सुमारे ३२ टक्के पडतो. त्यात २,००० रुपये प्रक्रिया शुल्क आधीच कापले, तर तो ३५ टक्क्यांच्या पुढे जातो. दुकानदार १८ टक्के समजून सही करतो.

उत्तर – दवादुकान, हडपसर

मी दुकानदार आहे, म्हणून अनुभव सांगतो. क्यूआर कोडवर पैसे घेण्याच्या एका ॲपमधून मी कर्ज घेतले होते. वित्तसंस्था, ॲप आणि रकमा यांची नावे-आकडे येथे देत नाही.

चांगली बाजू आधी लिहितो, कारण तीही खरी आहे. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी पैसे अडकले होते. बँकेने जामीनदार आणि तीन वर्षांची विवरणपत्रे मागितली, तर ॲपने माझी रोजची जमा पाहून दुसऱ्या दिवशी रक्कम खात्यात दिली. लहान दुकानदाराची पत त्याच्या गल्ल्यात असते आणि ती कोणीतरी ओळखली, याचे मला समाधान वाटले.

त्रास परतफेडीत झाला. रोजच्या जमेतून ठरावीक रक्कम कापली जात असे. आमच्या रस्त्यावर पालखीच्या दिवशी वाहतूक बंद असते आणि विक्री जेमतेम होते, तरी कपात तेवढीच राहिली. ॲपच्या मदत क्रमांकावर विचारले, तर वित्तसंस्थेशी बोला असे सांगितले, आणि त्या संस्थेचे नाव मला कराराच्या आत शोधावे लागले. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आली, तर दुकानदार पहिला फोन तुम्हालाच करील, कारण तो तुमच्या माणसाला ओळखतो. त्या फोनला कोण उत्तर देणार, हे आधी ठरवा.

बिलबुक, कर्वेनगर

सर्वांचे मनापासून आभार. हमीचे कलम वगळण्यास सांगणार आहोत, आणि कॅश डिस्काउंट व क्रेडिट नोट यांचे मुद्दे लेखी मांडणार आहोत. एक शंका राहते. विक्रीची माहिती द्यावी का, आणि द्यायची तर कशी?

उत्तर – औंधकर

माहितीची मालकी दुकानदाराची आहे, त्यामुळे त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय काहीच देऊ नका. वर्गणी घेताना केलेल्या जुन्या करारातील एखादी मोघम ओळ संमती म्हणून पुरणार नाही. संमती कोणत्या कारणासाठी आणि किती काळासाठी, हे लिहिलेले असावे आणि ती मागेही घेता यावी.

औषध दुकानांच्या बाबतीत याहून गंभीर गोष्ट आहे. औषध नियमांच्या अनुसूची एच-१ मधील, म्हणजे विशेष नियंत्रणाखालील औषधे विकताना दुकानाला डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण नोंदवावे लागते आणि ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ती असणारच. क्षयरोगाची किंवा झोपेची औषधे कोण घेतो, हे कर्ज मंजूर करणाऱ्याला कळण्याचे काहीही कारण नाही, आणि दुकानदाराने संमती दिली तरी ती रुग्णाची संमती होत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या दृष्टीनेही हे धोक्याचे आहे. त्यामुळे ओळनिहाय विक्री देण्यास ठाम नकार द्या. फार तर महिन्याची एकूण विक्री आणि एकूण खरेदी एवढ्याच बेरजा द्या.

बहुतेक वेळा त्याचीही गरज पडत नाही. वित्तसंस्थेला उलाढाल तपासायची असेल, तर ती अकाउंट ॲग्रिगेटरच्या, म्हणजे संमतीनुसार आर्थिक माहिती एका संस्थेकडून दुसरीकडे पोहोचवणाऱ्या मध्यस्थाच्या मार्गाने दुकानदाराच्या संमतीने बँक खात्याची आणि जीएसटीची माहिती थेट घेऊ शकते. ही व्यवस्था सप्टेंबर २०२१ पासून सुरू आहे, जीएसटी नेटवर्कही तिच्यात माहिती पुरवणारे म्हणून समाविष्ट झाले आहे, आणि मधल्या ॲग्रिगेटरला ती माहिती वाचता येत नाही. वित्तसंस्थेला हा मार्ग सुचवून पाहा. केवळ पत तपासणे हाच हेतू असेल, तर तिला नकार देण्याचे कारण उरत नाही.

उत्तर – ताळेबंद, टिळक रस्ता

एक व्यावहारिक सूचना करतो. सर्व दुकानांना एकदम बटण न देता आधी एकाच स्टॉकिस्टाशी आणि त्याच्याकडून नियमित खरेदी करणाऱ्या मोजक्या दुकानांशी बोला. स्टॉकिस्टाने सूट पुढे देण्याचे लेखी मान्य केले, तरच सुरुवात करा. पहिल्या तिमाहीच्या शेवटी त्या दुकानांची खाती समोर ठेवून प्रत्येक कर्जावरचा खर्च आणि मिळालेली सूट यांची वजाबाकी करा. ज्या दुकानांचा आकडा उणे येईल, त्यांच्या पानावरून बटण काढून टाका आणि त्यांना कारण सांगा. वित्तसंस्थेला ही अट आवडणार नाही, म्हणून ती करार होण्यापूर्वीच घाला.