बेघर निवाऱ्याच्या कारभारात तिथे राहणाऱ्यांना हक्काच्या जागा हव्यात का?

पिंपळपान (धागाकर्ता)

माझं मत आधीच सांगतो: हव्यात, निवाऱ्याचा कारभार पाहणाऱ्या समितीत निम्म्या, आणि त्या कुणाच्या चांगुलपणावर न सोडता नियमात लिहून हव्यात.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर मोजले गेले. महाराष्ट्रात २ लाखांहून जास्त, एकट्या मुंबईत ५७ हजारांच्या आसपास. केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानाचा निकष असा होता की शहरात दर १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय असलेला, २४ तास उघडा असा निवारा असावा. निवारे कमी आहेत यावर भरपूर बोललं जातं. पण जे आहेत त्यांच्यातही जागा रिकाम्या राहतात, त्या का, हे बाहेर फूटपाथवर झोपलेल्या माणसाला कुणी विचारत नाही.

एका निवाऱ्यातली अभिप्राय-वही मी चाळली आहे (शहर मुद्दाम सांगत नाही). पानामागून पान 'सोय उत्तम आहे, जेवण चांगले आहे'. सगळं एकाच पेनाने, एकाच अक्षरात, फक्त खालचे अंगठे वेगवेगळे. तक्रारपेटी व्यवस्थापकाच्या टेबलावर, किल्लीही त्याच्याच जुडग्यात. रात्री ज्याच्या भरवशावर झोपायचं त्याच्याच पेटीत त्याच्याविरुद्ध चिठ्ठी कोण टाकेल?

तिथलं दार रात्री दहाला बंद होई. लग्नसराईत केटरिंगच्या कामावर गेलेली माणसं भांडी आवरून सुटतात ती एक वाजता. ती बाहेरच झोपायची. कागदावर मात्र नोंद 'बेघर निवाऱ्यात यायला तयार नाहीत'. त्यांच्यातल्या एकाला जरी बैठकीत बसवलं असतं तरी हे पाच मिनिटांत कळलं असतं.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींना दिल्या, त्यांतल्या एकतृतीयांश बायकांना. फेरीवाल्याला जे मिळालं ते बेघराला का नको?

सदाफुली

मी बायकांच्या निवाऱ्यात काम करते, म्हणून विरोधात लिहिते आहे. अनुदान महिनोन् महिने लटकतं, केअरटेकरचा पगार थकतो, तरी चूल पेटती ठेवावी लागते. रात्री एकटी बाई ड्यूटीवर असते. दाराशी कुणी पिऊन आला, आत दोघींची मारामारी झाली, तर निस्तरायचं तिनेच. दार दहाला बंद होतं ते याच भीतीने. आमचं म्हणणं पालिकेत कुणी ऐकत नाही आणि वरून आणखी एक समिती? शिवाय जिला प्रतिनिधी नेमाल ती पुढच्या महिन्यात गावी गेलेली असेल, नाहीतर दवाखान्यात.

कोरडवाहू

सेवा मोफत आहे. पैसा करदात्यांचा आहे. हिशेब मागायचाच असेल तर तो करदात्यांनी मागावा. घेणाऱ्याने काय हवं-नको ते जरूर सांगावं, पण कारभारात वाटा कशाला?

रानमोगरा

@कोरडवाहू, रेशन दुकानावर, सरकारी दवाखान्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत आपणही कमी दरात किंवा फुकट सेवा घेतो. शाळेच्या व्यवस्थापन समितीत तर कायद्यानेच तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या पालकांना कुणी म्हणत नाही की शिक्षण फुकट आहे, तुम्ही गप्प बसा.

आणि हा प्रश्न मुंबईने चाळीस वर्षांपूर्वी सुप्रीम कोर्टापर्यंत नेला आहे. १९८५ च्या ऑल्गा टेलिस खटल्यात पालिकेचा युक्तिवाद होता की फूटपाथवरचं अतिक्रमण काढायला नोटिशीची गरज नाही. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने तो मानला नाही. झोपड्या हटवायला कोर्टाने परवानगी दिली, हे खरं आणि वाईटही. पण ज्याच्यावर परिणाम होणार त्याचं म्हणणं ऐकून घेणं याला स्वतःचं मोल आहे, निकाल काहीही लागो, हे त्या निकालपत्रात स्पष्ट आहे.

त्याच सुमारास भायखळ्याच्या फूटपाथवरच्या बायका महिला मिलन या संघटनेत एकत्र आल्या. त्यांनी बचत केली, हवं तसं घर कसं असेल ते स्वतः ठरवलं, आणि पुढे मानखुर्दला मिलन नगर उभं राहिलं. या बायकांना 'कारभारात वाटा कशाला' विचारून बघा.

कोरडवाहू

महिला मिलनच्या बायका वर्षानुवर्षं एकाच फूटपाथवर राहत होत्या. शेजार होता, संसार होता. निवाऱ्यात येणारा माणूस बरेचदा एकटा, फिरता. उदाहरण चांगलं आहे, पण लागू पडत नाही. आणि खरी भीती वेगळी आहे. प्रत्येक निवाऱ्यात एखादा दादा असतो. समितीची खुर्ची त्याच्याकडे जाईल. आज व्यवस्थापकाला घाबरणारे उद्या त्याला घाबरतील.

गल्लीबोळ

मी निवाऱ्यात राहिलो आहे, म्हणून दोन शब्द. दादा असतो, बरोबर. पण तो आत्ताही असतोच, आणि व्यवस्थापक त्याच्याशी जमवूनच घेतो, कारण रात्र शांत जाते. बोलायची सोय नसते ती बाकीच्यांची. माझी तक्रार जेवणाची नव्हती. सकाळी कामाला जाताना बोचकं कुठे ठेवायचं ही होती. त्यात आधार, बँकेचं पासबुक, थंडीचं पांघरूण. सोबत नेलं तर नाक्यावर मुकादम बघतच नाही, मागे ठेवलं तर संध्याकाळी मिळेल याचा भरवसा नाही. कुलूप लागणारा एक खण मिळाला असता तर मी रोज आलो असतो. पाहणीला साहेब आले तेव्हा आम्ही कामावर. ते दुपारी बारालाच येतात.

सदाफुली

@गल्लीबोळ दादा, खणाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. आम्हीही मागितले होते, मिळाले नाहीत. पण मग भांडण पालिकेशी आहे ना? आमच्याविरुद्ध समिती कशाला?

पिंपळपान

सदाफुलीताई, तुमच्याविरुद्ध नाहीच. खणाची मागणी तुमच्या संस्थेच्या पत्रावर गेली की पालिकेत ती कंत्राटदाराची खर्चवाढ वाटते. त्यावर राहणाऱ्यांच्या समितीचा ठराव जोडला तर ते टाळणं कठीण जातं. पगार थकल्याचंही तसंच.

दादाचा मुद्दा मात्र हलका नाही. म्हणून हात वर करून निवड नको. नोंदवहीतल्या नावांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात, दर तीन महिन्यांनी नव्या. बायकांच्या जागा वेगळ्या, त्यांची बैठकही वेगळी. बैठक संध्याकाळी, आणि कुणाचा रोज बुडत असेल तर त्याची भरपाई. माणूस मधेच गेला तर पुढची चिठ्ठी.

'फिरता माणूस, त्याची ओळख काय' हे तर ऐकूच नये. बेघराचं नाव मतदारयादीत घालताना निवडणूक आयोग पत्त्याचा कागद मागत नाही. मतदान केंद्राचा अधिकारी, बेघराने सांगितलेल्या जागी तो बेघर खरंच झोपतो का, हे रात्री जाऊन पाहतो, एकाहून जास्त रात्री. आमदार निवडायला ही ओळख पुरते, तर निवाऱ्याचं दार किती वाजता बंद व्हावं हे ठरवायला का पुरू नये?

कोरडवाहू

चिठ्ठ्यांची कल्पना बरी आहे. तरी निम्म्या जागा मला मान्य नाहीत. एकतृतीयांश पुरे. आणि पिऊन धिंगाणा करणाऱ्याला समितीत मुळीच जागा नको.

पिंपळपान

जागा नको, चालेल. पण त्याची तक्रार नोंदली गेलीच पाहिजे. मारहाण त्यालाही होते, आणि 'पिऊन आला होता' एवढ्या शेऱ्यावर ती सर्वांत आधी दाबली जाते. सुनावणी दुसऱ्या वॉर्डच्या अधिकाऱ्याने घ्यावी, त्या वेळी संस्थेचा माणूस खोलीबाहेर असावा. जागांचा आकडा मी खाली आणायला तयार आहे, पण ४० टक्क्यांच्या खाली नाही.