हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी: बहिणींचा वाटा आणि सुप्रीम कोर्टाचे निकाल

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या कार्यक्रमाच्या मेल्स चालू आहेत त्यात मध्येच हे टाकतेय, पण थांबण्यासारखं नाहीये. इथे कॅनडात आपल्यातल्या दोघी-तिघींना गेल्या काही आठवड्यांत गावाकडून व्हॉट्सअॅपवर हक्कसोडपत्राचा, म्हणजे मालमत्तेतला आपला वाटा सोडल्याच्या कागदाचा, मसुदा आलाय, सोबत निरोप एकच, ताई लवकर सही करून पाठव, तलाठ्याकडे वारस नोंद अडलीय. आणि सगळ्यांची पहिली प्रतिक्रिया पण एकच, की अगं आपलं काय तिथं, माझं लग्न १९८९ ला झालं, आपल्याला कुठे हक्क असतो.

असतो. म्हणून लिहितेय.

हा गैरसमज आला कुठून ते मला माहितीये, कारण मी पण हेच ऐकत मोठी झाले. महाराष्ट्राने १९९४ ला स्वतःचा कायदा केला होता, मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा जन्मतः वाटा, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. त्यामुळे आमची अख्खी पिढी बाहेर राहिली आणि गावागावात तेच डोक्यात बसलं. नंतर २००५ ला केंद्राने हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम ६ बदललं, ९ सप्टेंबर २००५ पासून, आणि त्यात लग्नाची अट नाहीच. मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत हक्कदार, मुलगा जसा तशीच, लग्न कधीही झालेलं असो.

मग भांडण लागलं वडिलांवरून. २०१५ ला फुलवती केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात पाहिजेत तरच वाटा. २०१८ ला दानम्मा केसमध्ये वडील २००१ मध्येच वारले होते तरी मुलींना वाटा दिला. म्हणजे एकाच कोर्टाचे दोन निकाल दोन दिशेला, वकील ज्याला जो सोयीचा तो दाखवायचे. शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा मध्ये तीन न्यायमूर्तींच्या बेंचने सांगून टाकलं, हक्क जन्माने आहे, वडील त्या दिवशी हयात असायची गरज नाही. शिवाय जुन्या पडून राहिलेल्या केसेस शक्यतो सहा महिन्यांत संपवा असंही सांगितलं.

ज्यांना सोडायचंय त्यांनी खुशाल सोडावं, पण आपण काय सोडतोय हे माहीत असून. मसुद्यात 'मी स्वखुशीने' असं लिहिलेलं असतं, तर ते खरं असलं पाहिजे एवढंच माझं म्हणणं आहे.

— वाचनालयवाली ताई

---

ताई, छान लिहिलंत. थोडी भर घालतो, कारण निम्मी माहिती घेऊन लोक कोर्टात जातात आणि तिथे दहा-पंधरा वर्षं घालवतात, सातारा जिल्ह्यात दिवाणी बाजूला माझी सगळी वकिली यातच गेली.

पहिला प्रश्न नेहमी हा विचारायचा, जमीन आली कुठून. विनीता शर्मा निकाल एकत्र कुटुंबाच्या, म्हणजे सहदायकी मालमत्तेबद्दल आहे. वडिलांनी स्वतःच्या पगारातून पुण्यात फ्लॅट घेतला असेल तर तो त्यांचा स्वकष्टार्जित, ते मृत्युपत्राने तो कुणालाही देऊ शकतात, मुलीलाही नाही आणि मुलालाही नाही असं करू शकतात. पण मृत्युपत्र नसेल तर? तर त्याच हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम ८ आणि वर्ग १ चे वारस, म्हणजे बायको, मुलं, मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर ती, सगळ्यांना सारखा वाटा. हे २००५ चं नाही, १९५६ पासून आहे! लोकांना वाटतं मुलींना सगळं २००५ नंतरच मिळालं. २०२२ च्या जानेवारीत अरुणाचल गौंडर केसमध्ये तर कोर्ट अजून मागे गेलं, १९५६ च्या आधी वारलेल्या आणि मृत्युपत्र न केलेल्या बापाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेतसुद्धा एकुलत्या एक मुलीला वारसा मिळतो म्हणाले.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना धक्का देते. 'आजोबांची जमीन' म्हटलं की आपण डोळे झाकून वडिलोपार्जित म्हणतो. पण आजोबा १९५६ नंतर मृत्युपत्र न करता वारले आणि त्यांच्या स्वतःच्या मालकीची जमीन वडिलांना कलम ८ ने मिळाली, तर ती वडिलांच्या हातात त्यांची स्वतःची होते, नातवंडांचा त्यात जन्मतः हक्क नाही. १९८६ च्या चंदर सेन केसपासून हेच चालू आहे. म्हणजे मुलीचा काय, मुलाचा पण जन्मतः हक्क नाही तिथे. त्यामुळे जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी, काढल्याशिवाय कुणीही कुणाला 'माझा हक्क' म्हणून फोन करू नका, आधी कागद.

आणि 'आमची तोंडी वाटणी झालीय' हे उत्तर आलं तर घाबरू नका. कायद्याला रजिस्टर्ड वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा लागतो. तोंडी वाटणी फक्त अपवाद म्हणून आणि त्यामागे सरकारी कागदपत्रांचा भक्कम पुरावा असेल तरच, असं २०२० च्या निकालात आहे. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी खरोखर झालेल्या वाटण्या आणि विक्र्या या कायद्याने उकरून काढता येत नाहीत.

— वकीलकाका

---

ताई, काका, वाचलं. मला दुसरी बाजू मांडायचीय, राग मानू नका.

माझा मोठा भाऊ गावीच राहिला. मी शिकून इकडे आलो, बहीण लग्न होऊन नाशिकला. बाबांचं डायलिसिस, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, बोअरला पाणी लागलं नाही त्याचं कर्ज, सोसायटीचं कर्ज, दुष्काळाची दोन वर्षं, हे सगळं त्याने एकट्याने ओढलं आणि आम्ही गणपतीला जाऊन आलो. आता कोर्ट म्हणतं तिघांना सारखा वाटा. कायदा बरोबर असेल, मी कायद्याला नाही म्हणत नाही, पण त्याने पंचवीस वर्षं जे केलं त्याचा रकाना सातबाऱ्यावर कुठेच नाही ना. आणि बहिणीने वाटा मागितला की माहेर तुटतं हे आपण सगळ्यांनी बघितलंय, भाऊबीज बंद होते, आईचं तोंड बघायला पण विचार करून जावं लागतं.

आम्ही दोघं सोडायला तयार आहोत. माझा साधा प्रश्न आहे, मिसिसागात बसून हे नीट कसं करायचं? भाऊ म्हणतो जनरल पॉवर ऑफ अॅटर्नी पाठव, सगळं मी बघतो.

— ढोलपथकातला दादा

---

दादा, जनरल नको. हक्कसोडपत्र करण्यापुरतं खास मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) करा, गट नंबर, क्षेत्र, कुणाच्या नावे सोडतोय, सगळं लिहून. सूरज लॅम्प निकाल २०११ चा, त्यात कोर्टाने सांगितलंय की नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही, तरी अजून लोक सरसकट मुखत्यारपत्र देतात आणि मग पुढे जमीन कुणाला विकली गेली हेच कळत नाही. तुमच्या भावाबद्दल शंका नाही, पण तो कागद उद्या कुणाच्याही हातात जाऊ शकतो.

नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे परदेशात राहणाऱ्याचं मुखत्यारपत्र नोटरीपुढे किंवा भारताच्या कॉन्सुलपुढे सही करून साक्षांकित करता येतं. कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लावायचं सरकारी प्रमाणपत्र, चालू झालंय, त्यामुळे नोटरीची सही आणि त्यावर ऑन्टॅरिओ सरकारचं अपॉस्टिल हा रस्ता आता आहे. तरी गावाकडच्या दुय्यम निबंधकाला, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला, आधी विचारून घ्या तो काय मागतो, काही ठिकाणी अजून कॉन्सुलेटचाच शिक्का हवा असतो आणि परत पाठवलं की महिने जातात. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा, हे हमखास राहतं.

हक्कसोडपत्र स्वतः रजिस्टर्डच लागतं. साध्या कागदावर, शंभरच्या स्टॅम्पवर, तलाठ्यासमोर जबाब देऊन, यातल्या कशानेही हक्क सुटत नाही. एकदा रजिस्टर झालं की मन बदललं म्हणून परत मिळत नाही, फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध करावी लागते.

— वकीलकाका

---

ताई, एक विचारू का. आमचं सासर पालघरकडचं, आदिवासी समाज. आम्हाला तर हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू नाही असं सासऱ्यांनी नणंदेला सांगितलं, म्हणजे तिला काहीच नाही का?

— पालघरची वहिनी

---

वहिनी, अनुसूचित जमातींना तो कायदा लागू नाही हे सासऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण तिथेच गोष्ट संपत नाही. १७ जुलै २०२५ ला राम चरण विरुद्ध सुखराम मध्ये सुप्रीम कोर्टाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबातल्या बाईच्या वारसांना तिच्या वडिलांच्या मालमत्तेत सारखा वाटा दिला. मुलींना वगळायची प्रथा आहे असं म्हणणाऱ्याने ती प्रथा सिद्ध करायला हवी, आणि ती सिद्ध झालेली नसताना केवळ बाई म्हणून वाटा नाकारणं हा घटनेच्या कलम १४ चा भंग आहे, असा त्याचा आशय. नणंदबाईंच्या केसमध्ये तुमच्या समाजाची रूढी काय, पुरावा काय, हे बघावं लागेल. आपोआप हो नाही, पण आपोआप नाही पण नाही.

— वकीलकाका

---

दादा, राग कशाला मानू, तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे आणि मला त्याचं उत्तर द्यायचंय.

भावाने केलं त्याची किंमत झालीच पाहिजे. पण ती किंमत बहिणीचं नावच न लावून वसूल करू नका. बहुतेक घरांत काय होतं, बाबा जातात, वारस नोंद होते, त्यात मुलांची नावं कब्जेदार म्हणून आणि आईचं आणि बहिणींचं नाव सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' मध्ये टाकून देतात, किंवा ते पण नाही, आणि वीस वर्षांनी रस्त्याला जमीन गेली, मोबदला आला की मग अचानक ताईची सही लागते. तेव्हा ती सही प्रेमाने मागितलेली नसते. उलट आधी तिघांची आणि आईची नावं नीट लावली, आणि मग समोरासमोर बसून ठरवलं की दादाने एवढं ओढलंय तर आम्ही आमच्यातलं इतकं सोडतो, तर त्या सोडण्याला मान राहतो. त्याला पण आणि सोडणारीला पण. पूर्णच सोडावं असं पण काही नाही, थोडं ठेवता येतं, आई आहे तोवर राहत्या घरातला तिचा हिस्सा कुणी हलवायचा नाही असं लिहिता येतं.

माझ्या ओळखीच्या एकीच्या मसुद्यात 'मला माझ्या हिश्श्याची रक्कम रोख मिळाली' असं वाक्य होतं, तिला एक रुपया मिळालेला नव्हता. तिने फक्त ते काढून 'विनामोबदला' लिहायला सांगितलं तर घरात आठ दिवस अबोला. एवढ्यासाठी मी म्हणते शब्द न शब्द वाचा.

आणि माहेर तुटतं म्हणता, ते बहिणीने मागितल्यामुळे तुटतं असं आपण सगळेच बोलतो, पण न दिल्यामुळे तुटलं असं कुणी म्हणत नाही. हे मला फार लागतं.

परदेशातून बघायला सातबारा 'महाभूमी' या सरकारी वेबसाइटवर १५ रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो, आणि 'आपली चावडी' वर गावात कुठला फेरफार नोटिशीला लागलाय ते दिसतं. हरकतीला १५ दिवस असतात. फेरफाराने मालकी ठरत नाही हे खरं, पण हरकत वेळेत गेली तर पुढची कोर्टकचेरी टळते. वाटपाच्या दाव्याला आपल्याला वगळलंय हे कळल्यापासून १२ वर्षं, ते पण लक्षात ठेवा.

— ताई

---

ताई, काल भावाशी सव्वा तास बोललो. आधी तो चिडला, मग म्हणाला की बहिणीचं नाव लावायचं नाही असं त्याच्या मनात नव्हतं, तलाठ्यानेच सांगितलं होतं की हक्कसोड आधी आणा मग एकदाच नोंद करू. आता आईसकट चौघांच्या नावाने वारस नोंदीचा अर्ज देतोय. सोडायचं किती आणि कसं ते बहीण स्वतः ठरवेल, मी माझ्यापुरतं ठरवलंय. काका, माझा मसुदा तयार झाला की तुम्हाला पाठवतो, एकदा नजर टाका.

— दादा