फेरीबोटीतून कुत्र्याला नेण्याविषयी तातडीने मदत हवी आहे

पाऊलखुणा (पुणे)
नमस्कार. येत्या शनिवारी पहाटे आम्ही दोघे आणि आमचा कुत्रा भुऱ्या गाडीने कोकणात निघणार आहोत. वाटेत दोनदा गाडीसह फेरीबोटीने खाडी ओलांडायची आहे. भुऱ्याला गाडीत उलट्या होतात आणि बोटीवर तो कसा वागेल, या काळजीने मला दोन रात्री झोप नाही. दोनच प्रश्न आहेत. बोटीवर कुत्र्याला घेतात का, आणि उलटी होऊ नये म्हणून त्याला नेमके काय द्यावे? मुक्कामाची सोय झाली असून घरमालकांची संमतीही घेतली आहे, त्यामुळे राहण्याची ठिकाणे सुचवू नयेत. हातात चारच दिवस आहेत, म्हणून कृपया थेट उत्तर द्यावे.

खाडीकाठ
कोकणात गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटी एकाच ठिकाणी नाहीत. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, अशा अनेक जागी त्या चालतात. आपण कोणत्या दोन खाड्या ओलांडणार आहात, हे कळल्याशिवाय नेमके सांगणे कठीण आहे. माझ्यापुरते सांगायचे तर दाभोळच्या बोटीतून आमची कुत्री तीन वेळा आमच्याबरोबर आली आणि कोणीही हरकत घेतली नाही.

सागरवारा
आपण मुंबईतील भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या, गाड्याही नेणाऱ्या रो-रो बोटीचा विचार अवश्य करावा. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. बोट मोठी व स्थिर आहे आणि तीत पाळीव प्राण्यांना नेता येते. मांडव्याहून अलिबाग, रेवदंडा करत आरामात खाली उतरता येईल.

पाऊलखुणा
सागरवारा, आम्ही पुण्याहून निघणार आहोत. मांडव्याची बोट धरण्यासाठी आधी मुंबई गाठावी लागेल, ते आमच्या कामाचे नाही. आमचा मार्ग असा : ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, आणि पहिला मुक्काम हरिहरेश्वरला. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून वेश्वीला उतरून एक रात्र केळशीला, तिथून आंजर्ले, हर्णे, दापोली करत दाभोळ, बोटीने धोपावे आणि शेवटी गुहागर. औषधाचे कोणीच सांगितले नाही.

गाडीवान
इतका खटाटोप कशासाठी? कुत्रा बरोबर असताना बोट नकोच. साताऱ्याकडून उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण असे थेट गुहागर गाठावे. मी गेली पंधरा वर्षे हाच रस्ता वापरतो. बोटीसाठी रांगेत थांबणे नाही आणि भरती-ओहोटीचा विचार करणे नाही.

खाडीकाठ
गाडीवान, कुंभार्ली हासुद्धा घाटच आहे आणि त्यात वळणे कमी नाहीत. शिवाय त्यांना हरिहरेश्वर आणि केळशी करायचे आहे, त्याचे काय? दापोलीहून बोटीशिवाय गुहागरला जायचे म्हटले तर खेड, चिपळूण असा वाशिष्ठीच्या खाडीला पूर्ण वळसा पडतो. दाभोळला तीच खाडी काही मिनिटांत पार होते. पूर्वी इथे फक्त होड्या चालत आणि माणसे तेवढी पलीकडे जात. २००३ पासून गाड्या नेणारी फेरीबोट आहे. ज्या कुत्र्याला गाडी सोसत नाही, त्याचे गाडीतले तास वाचवणारी बोट त्याच्या हिताचीच आहे.

गाडीवान
गाडीत निदान तो आपल्या माणसांपाशी असतो. बोटीच्या भोंग्याने बिथरून पट्टा तोडला तर खाडीत कोण उडी मारणार?

आईची माया
आम्ही आमच्या कुत्र्याला लहान मुलांचे प्रवासात द्यायचे उलटीचे औषध अर्धा चमचा देत असू आणि त्याला कधीही काही झाले नाही. बरोबर आल्याचा तुकडाही ठेवावा.

श्वानसोबती
आईची माया, आपला हेतू चांगला आहे हे मान्य करूनही याला स्पष्ट विरोध करते. माणसांच्या काही औषधांत साखरेऐवजी झायलिटॉल असते आणि ते कुत्र्यांना विषासमान आहे. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळीही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. कुत्र्यांच्या प्रवासातील उलटीसाठी मारोपिटंट हा स्वतंत्र घटक आहे. ते औषध निघण्याच्या किमान २ तास आधी द्यावे लागते आणि मात्रा वजनावर ठरते. ती पशुवैद्यकांनीच ठरवावी.

पाऊलखुणा, आपण फार महत्त्वाच्या गोष्टी सांगितलेल्याच नाहीत. भुऱ्याचे वय काय, वजन किती, आणि त्याला उलटी नेमकी केव्हा होते? पिल्लांच्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा पुरती तयार झालेली नसते. त्यामुळे त्यांना गाडी लागते, आणि वर्षभरात बहुतेकांचा हा त्रास थांबतो. मोठ्या कुत्र्याचे कारण बरेचदा वेगळे असते.

पाऊलखुणा
हे विचारात घ्यावे लागेल असे वाटले नव्हते. भुऱ्या देशी आहे, अंदाजे तीन वर्षांचा, वजन १८ किलो. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी पाय मोडलेल्या अवस्थेत सापडला, तेव्हापासून आमच्याकडे आहे. पायाच्या उपचारांसाठी दोन महिने त्याला गाडीतून दवाखान्यात न्यावे लागत होते. उलटीचे म्हणाल तर खरे म्हणजे वाहनतळावर दार उघडले की लगेच तो लाळ गाळू लागतो आणि थरथरतो. चांदणी चौकही येत नाही तोच उलटी होते.

श्वानसोबती
मग ताम्हिणीच्या वळणांना दोष देऊ नये. गाडी हलण्याआधीच लाळ आणि थरकाप सुरू होत असेल, तर ती भीती आहे. गाडी म्हणजे दवाखाना आणि दवाखाना म्हणजे वेदना, एवढेच त्या मुक्या जिवाला ठाऊक आहे. उलटीच्या औषधाने ओकारी थांबेल, पण तो आतून तसाच घाबरलेला राहील आणि आपल्याला ते कळणारही नाही. मी अनेक बेवारस कुत्र्यांना घरी सांभाळले आहे, त्यांत अशा दोघांना गाडीची सवय लावली. आज संध्याकाळपासून इंजिन बंद ठेवून, दारे उघडी ठेवून, त्याच्याबरोबर मागच्या आसनावर बसावे आणि त्याचे रात्रीचे जेवण तिथेच द्यावे. त्यात तो रमला तरच दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू करावे आणि त्यानंतर सोसायटीच्या आवारात एक फेरी मारावी. घाई मात्र करू नये. चार दिवस यासाठी फार कमी आहेत, म्हणून पशुवैद्यकांना उलटीबरोबर भीतीविषयीही आवर्जून सांगावे. प्रवासाच्या दिवशी पोट भरून खाऊ घालू नये, पाणी मात्र थोडे थोडे द्यावे.

खाडीकाठ
ही माहिती आधी मिळाली असती तर मी बोटीबद्दल अधिक नेमके लिहिले असते. अशा कुत्र्याला त्रास होतो तो लाटांचा नव्हे, कारण खाडीत पाणी बहुधा संथ असते. त्रास होतो लोखंडी रॅम्पच्या खणखणाटाचा आणि पायांखालच्या थरथरीचा. गाडी बोटीवर चढताना त्याला आत, एका माणसाच्या कुशीत ठेवावे. गाडी थांबली की काचा उघडाव्यात. गाडीवान यांची भीती मात्र अगदीच अनाठायी नाही. गळ्यातल्या पट्ट्यातून घाबरलेला कुत्रा मान काढून घेतो, म्हणून छातीला बसणारे हार्नेस आणि त्याला जोडलेली आखूड दोरी असल्याशिवाय त्याला खाली उतरवू नये. उन्हात डेकचा पत्रा तापतो, तेव्हा आधी हात लावून पाहावा. जेटीवर रांगेत थांबावे लागले तर त्याला बंद गाडीत एकटे सोडू नये, कारण उन्हात आतले तापमान २० मिनिटांत १० अंशांहून अधिक वाढू शकते.

वाळूतली पावले
एक विनंती. सध्या फेब्रुवारी संपत आला आहे आणि वेळास, केळशी, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाळूत असतात. वेळासला २००२ पासून त्यांच्या संरक्षणाचे काम चालू आहे. कुत्रे ही घरटी उकरतात, म्हणून तिथे भुऱ्याला मोकळे सोडू नये. वाळूवर पडलेला केंड मासाही त्याला हुंगू देऊ नये, तो विषारी असतो.

पाऊलखुणा
काल संध्याकाळी आम्ही दोघे उभ्या गाडीत त्याच्याबरोबर पाऊण तास बसलो. पहिली दहा मिनिटे तो थरथरत होता, नंतर त्याने अंडे-भात तिथेच खाल्ला आणि माझ्या मांडीवर डोके ठेवले. मला रडू आवरले नाही. आज डॉक्टरांना सगळे सविस्तर सांगितले, त्यांनी दोन्हींसाठी औषध लिहून दिले आहे. गुहागर आम्ही यावेळी सोडले असून केळशीच्या घरमालकांनी दोन रात्री राहू देण्याचे मान्य केले आहे. त्यामुळे जाताना बागमांडल्याची एकच बोट राहील. आता एवढेच सांगावे : रविवारी तिथे गर्दी टाळण्यासाठी केव्हा पोहोचावे?

खाडीकाठ
सकाळच्या पहिल्या फेऱ्यांपैकी एखादी गाठावी. ऊनही कमी असते आणि पर्यटकांच्या गाड्याही. बोटीची वेळ मात्र शनिवारी संध्याकाळी हरिहरेश्वरहून जेटीवर जाऊन प्रत्यक्ष विचारून घ्यावी. जाताना भुऱ्यालाही बरोबर न्यावे. दुरून, पट्ट्यावर, त्याला बोट येताना आणि जाताना एकदा पाहू द्यावी.