मदत हवी आहे : भंडारदरा, दोन रात्री, सोबत सत्तरीपुढची दोन माणसं

सप्टेंबरअखेर भंडारदऱ्याला जायचंय. घोटी, बारीमार्गे शेंडी असा रस्ता नक्की आहे, अडचण मुक्कामाची आहे.

काठावरचे तंबू नकोत. पाऊस ओसरला तरी जमीन ओली असते, तळातून ओल चढते आणि पहाटे दवाने कापडाची आतली बाजूही ओली होते. शिवाय वाकून आत शिरायचं आणि रात्री बॅटरी घेऊन लांबच्या संडासाला जायचं, हे दुखऱ्या गुडघ्यांना झेपणारं नाही. म्हणून शेंडीत किंवा मुरशेतच्या बाजूला घरगुती मुक्काम हवा : तळमजल्याची खोली, कमोड, गरम पाणी, दारापर्यंत गाडी. जेवण साधंच, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी आणि पिठलं मिळालं तरी भरपूर.

दुसऱ्या दिवशी शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर अशी जलाशयाला पूर्ण फेरी आहे. रतनवाडीला अमृतेश्वर पाहायचंच. पावसाळ्यात तिथला गाभारा पाण्याने भरतो, पिंड बुडालेली असते, आणि ओल्या दगडी पायऱ्यांवर पाय सटकतो. तेव्हा म्हाताऱ्यांना पुष्करणीपाशीच बसवू.

हल्लीच जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा :
साम्रद ते घाटघर रस्त्यावर खड्डे किती? छोटी गाडी खाली घासते का?
शेंडीहून रतनवाडीला होडी सुरू आहे का? चढायला फळी असते की पाण्यात उतरावं लागतं?
वीज गेल्यावर इन्व्हर्टर असलेलं घर कुठलं? एकाचं रात्रीचं श्वासाचं यंत्र त्यावर चालतं, त्यामुळे हे सगळ्यात महत्त्वाचं.