फेब्रुवारीत दोघांसाठी निवांत बेट, 6 रात्री, सव्वा लाख: सल्ला हवा

कोलशेतची_शमा
नमस्कार मंडळी. लग्नाच्या वाढदिवसाला, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, आम्हा दोघांनाच एखाद्या बेटावर जायचंय. ठाण्याहून निघून ठाण्यात परत, विमान-बोट-हॉटेल-जेवण सगळं धरून दोघांचे मिळून सव्वा लाख. त्याच्या वर नाही. सकाळी गजर नको, दिवसाला पाच पॉइंट नकोत, समुद्र खोलीपासून चालत असावा. नवऱ्याला पोहता येत नाही आणि बोट लागते. मी शाकाहारी, तो मासे खातो. अंदमान, लक्षद्वीप, मालदीव डोक्यात आहेत. पॅकेज नको, बुकिंग स्वतः करणार.

वाशी_सेक्टर17
डोळे मिटून मालदीव, आणि तेही पाण्यावरचा व्हिला. खोलीच्या जिन्यावरून थेट समुद्रात उतरायचं, दुसरं काही करायचंच नाही. आम्ही घेतलेल्या रिसॉर्टमध्ये रोज रात्री जेट्टीखाली शार्कची पिल्लं यायची. बजेट थोडं वाढवा, आयुष्यात एकदाच करतो आपण.

चरईकर
ताईंनी सव्वा लाखाच्या वर नाही असं लिहिलंय. तेवढ्यात पाण्यावरचा व्हिला सहा रात्री मिळत नाही, हे आधी सांगू या. शिवाय जाहिरातीतल्या दरापुढे दोन अधिकची चिन्हं असतात. म्हणजे 10 टक्के सेवाशुल्क आणि त्यावर पर्यटन जीएसटी वेगळा. तो जुलै 2025 पासून 17 टक्के आहे. रिसॉर्टवर हरित कर माणशी रोज 12 डॉलर, म्हणजे दोघांचे चार रात्रींचे 96 डॉलर नुसते करापोटी. सी-प्लेनचं भाडं त्याहून वेगळं, आणि सी-प्लेन फक्त उजेडात उडतं. तुमचं विमान मालेला साडेतीन-चारनंतर उतरलं तर ती रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावरच्या हॉटेलात काढायची आणि रिसॉर्टची पहिली रात्र भरलेली असेल तर ती बुडाली. जायचंच तर स्पीडबोटीने पोचता येणारं रिसॉर्ट बघा आणि विमान सकाळचं घ्या.

वाशी_सेक्टर17
आमचं सी-प्लेनच होतं. वरून प्रवाळाची कडी दिसते ते दृश्य पैसे वसूल करतं.

नेरुळची_मावशी
मालदीव बजेटमध्ये बसतं, पण स्थानिक लोकवस्तीच्या बेटावर. माफुशी बेट मालेच्या विमानतळापासून स्पीडबोटीने पाऊण तासाच्या आत. तिथल्या लहान गेस्टहाउसला हरित कर 6 डॉलर. मात्र दोन गोष्टी लक्षात घ्या. लोकवस्तीच्या बेटावर दारू अजिबात नाही, आणि पोहण्याचे कपडे फक्त ठरवून दिलेल्या किनाऱ्यावर चालतात. इतरत्र खांदे-गुडघे झाकायचे. माफुशी आता गजबजलंय, निवांतपणा हवा तर फुलिधू किंवा धिगुरा. शाकाहारी जेवण आधी ईमेलवर लेखी ठरवा, बेटावरच्या रश्श्यात ट्यूना सर्रास असतो, अगदी सकाळच्या नाश्त्यातही. व्हिसा तिथे पोचल्यावर फुकट मिळतो, पण निघण्यापूर्वीच्या 96 तासांत मालदीव इमिग्रेशनच्या इमुगा संकेतस्थळावर प्रवासाची माहिती भरावी लागते. येतानाची वेगळी भरायची. व्हेप कुणी नेत असेल तर तिथे आणायला बंदी आहे.

खारघर_टेकडी
बाली का नाही सुचवत कुणी? तेवढ्या पैशात स्वतःच्या तलावासकट व्हिला मिळतो.

चरईकर
कारण फेब्रुवारी. बालीत नोव्हेंबर ते मार्च पाऊस. पश्चिमेकडून वारा असल्यामुळे कुटा-सेमिन्याकच्या किनाऱ्यावर याच दिवसांत वाहून आलेला कचरा लागतो. नुसा पेनिदाची बोटही खवळलेल्या पाण्यातून जाते, आणि इथे एकाला बोट लागते. बाली जून ते सप्टेंबर. मॉरिशसचंही तेच, जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस.

खारघर_टेकडी
पाऊस आला तरी व्हिलातच बसायचंय ना? आणि मॉरिशसला मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, गणपती थाटात बसवतात, तो आपलेपणा दुसऱ्या कुठल्या बेटावर मिळणार?

निळीबोट
ताई, जागा ठरवण्याआधी एक हिशोब करा: खोलीच्या दारातून खोलीच्या दारापर्यंत किती वेळा सामान उचलायचं. प्रत्येक बोट म्हणजे अर्धा दिवस. सामान बांधा, हॉटेल सोडा, जेट्टीवर तासभर आधी पोचा, बोट, रिक्षा, नव्या खोलीची वाट. सहा रात्रींत तीन हॉटेलं केलीत तर आराम संपला.
अंदमानची बाजारात मिळणारी आखणी नेमकी अशीच असते: पोर्ट ब्लेअर एक रात्र, हॅवलॉक बेट दोन, नील बेट एक, पोर्ट ब्लेअर एक. चार बोटींच्या फेऱ्या नाही झाल्या तरी तीन होतातच. त्यातलं एक बेट गाळा. हॅवलॉक घ्या, चार रात्री सलग. आणि विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा, हे गाळू नका. वारा वाढला की बंदर बोटी थांबवतं. बोटीचे पैसे परत मिळतात, चुकलेल्या विमानाचे नाही. तिकीट शोधताना बोटीवाल्यांकडे स्वराज द्वीप म्हणजे हॅवलॉक, शहीद द्वीप म्हणजे नील. पोर्ट ब्लेअर शहराचं नाव आता श्री विजयपुरम, विमानतळाचा कोड आयएक्सझेडच.

ऐरोली_डायव्हर
+1 हॅवलॉक. पोहता न येणाऱ्यालाही स्कूबा करता येतं, प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो, पहिल्या डाइव्हला 12 मीटरच्या खाली नेत नाहीत. अडचण पोहण्याची नसते, कानांची असते. खाली जाताना दर मीटरभराला नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानात ढकलायची. दुखायला लागल्यावर ढकलून उपयोग नाही, त्याआधीच. सर्दी असेल तर कान उघडतच नाहीत, त्या दिवशी सरळ नाही म्हणा. दमा, रक्तदाब, कानाचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरचा कागद ठाण्याहूनच न्या. तिथे अर्जावर खरं लिहिलंत की किनाऱ्यावर बसवतात, आणि खोटं लिहू नका.
विमान आणि डाइव्हमध्ये एका डाइव्हला किमान 12 तास, एकाहून जास्त असतील तर 18. बऱ्याच डाइव्ह शाळा सरसकट 24 सांगतात, ते पाळा. शरीरात विरघळलेला नायट्रोजन विमानातल्या कमी दाबाला बुडबुड्यांनी बाहेर येतो. म्हणून डाइव्ह पहिल्या दोन दिवसांत उरका.

वाशी_सेक्टर17
मालदीवला डाइव्हिंग याहून भारी आहे.

बेलापूरकर
अंदमानला जाऊन सेल्युलर जेल न बघता यायचं नाही. सावरकर 1911 ते 1921 तिथे होते. मराठी माणसाने त्या कोठडीसमोर उभं राहायलाच हवं. संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम हिंदी भाषेतला निवडा, तिकीट आधी काढा.

खारघर_टेकडी
वाढदिवसाच्या सहलीला फाशीघर?

बेलापूरकर
हो. दोन तास लागतात, आणि पोर्ट ब्लेअरची रात्र काढायचीच आहे असं वर सांगितलंय. मग खोलीत बसून काय करणार?

घोडबंदरकर
विमान पहाटेचं घेणार असाल तर कोलशेतहून निघायची वेळ नीट ठरवा. रात्री अवजड वाहनांना सोडतात म्हणून घोडबंदर रोड आणि माजिवडा रात्री एक-दोनलाही भरलेला असतो. मोकळा रस्ता म्हणून तीनला निघालात तर फसाल. कापूरबावडी टाळा, बाळकुममार्गे निघा. तिकीट काढताना टर्मिनल बघा, टी1 आणि टी2 वेगळीकडे आहेत.

खारघर_टेकडी
आता नवी मुंबई विमानतळ आहे की. डिसेंबर 2025 पासून सुरू आहे. ऐरोलीमार्गे ठाणे-बेलापूर रोडने सरळ उलवे.

घोडबंदरकर
खारघरहून जवळ असेल. कोलशेतहून अंतर वाढतं. आणि तिथून त्या दिवशी पोर्ट ब्लेअरचं सोयीचं विमान आहे का ते आधी बघा, मग सांगा.

नेरुळची_मावशी
लक्षद्वीपबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पाणी सगळ्यात सुंदर तिथलंच, पण परवान्याशिवाय प्रवेश नाही. त्यासाठी पोलीस क्लिअरन्स लागतो, म्हणजे महिनाभर आधी कामाला लागा. कोचीहून अगत्तीला लहान विमान जातं, सामान 15 किलोच्या आत बसवा. परवाना हातात येईपर्यंत न परतणारं तिकीट काढू नका. दारूबंदी आहे, बंगाराम बेट वगळता.

पाचपाखाडी_वाचक
थायलंडचं कोह याओ नोई बघा. फुकेत आणि क्राबीच्या मधलं शांत बेट, फेब्रुवारी म्हणजे तिथला कोरडा हंगाम. फुकेतच्या बांग रोंग धक्क्यावरून बोट. आत जाण्यापूर्वीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं, ते फुकट असतं, पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी. स्कूटर घ्यायची तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या आणि त्यावर दुचाकीचा शिक्का आहे ना ते खिडकीवरच तपासा. नुसता चारचाकीचा असेल तर अपघात झाल्यावर विमा हात वर करतो. कुणी पॅकेजच घेत असेल तर परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात.

वाशी_सेक्टर17
थायलंडपेक्षा मालदीव केव्हाही.

कोलशेतची_शमा
सगळ्यांचे मनापासून आभार. परदेश बाद, पैसे पुरणार नाहीत. लक्षद्वीपला आता वेळ कमी आहे. अंदमान ठरतंय. निळीबोट, हॅवलॉकला हॉटेल कुठल्या किनाऱ्यावर घेऊ? फोटोत सगळीकडे समुद्र समोर दिसतो. आणि बोट लागते त्याचं काय?

निळीबोट
हाच प्रश्न महत्त्वाचा. परवडणारी बहुतेक हॉटेलं गोविंदनगर आणि विजयनगरच्या बाजूला, म्हणजे 3 आणि 5 नंबरच्या किनाऱ्यावर. फोटो भरतीचे असतात. ओहोटीला पाणी लांब जातं, खडक आणि मेलेलं प्रवाळ उघडं पडतं, पोहता येत नाही. पोहण्याचा किनारा राधानगर, तो जेट्टीपासून सुमारे 12 किलोमीटरवर, बेटाच्या दुसऱ्या अंगाला. तिथली हॉटेलं महाग. म्हणजे रोज स्कूटर किंवा रिक्षा.
सूर्य फेब्रुवारीत साडेपाचच्या आधी मावळतो. घड्याळ आपलंच असलं तरी बेटं खूप पूर्वेला आहेत. चहा घेऊन पाचला निघू म्हटलंत तर सूर्यास्त हुकला. जेवणंही लवकर आटपतात.
बोटीचं असं. बंद एसी कॅटामरान वेगवान, पण बाहेर उभं राहता येत नाही. बोट लागणाऱ्याला ग्रीन ओशनसारखी उघड्या डेकची बोट बरी, वेळ जास्त लागतो. बंद बोटीत खालच्या मजल्यावर मधोमध किंवा मागे जागा घ्या, पुढची खिडकी नको, बोटीचं पुढचं टोक सगळ्यात जास्त उचलतं. गोळी डॉक्टरला विचारून बोटीच्या तासभर आधी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली पोटात राहत नाही. उपाशी नको, तेलकट नको, कोरडा टोस्ट खा, आणि मोबाइल बघू नका.

ऐरोली_डायव्हर
विजयनगरचं ओहोटीचं बरोबर आहे, पण डाइव्ह शाळा त्याच बाजूला आहेत. मी तिथेच राहा म्हणेन.

कोलशेतची_शमा
मग नीलला चार रात्री राहिलं तर? नकाशावर सगळे किनारे दोन-चार किलोमीटरच्या आत दिसतात, सायकलवर होतील.

बेलापूरकर
नील एका दिवसाचं आहे. सगळे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात.

ऐरोली_डायव्हर
चार रात्री नील म्हणजे कंटाळा. राधानगर सोडून कुणी अंदमान करतं का?

वाशी_सेक्टर17
नीलला मुळात चांगली रिसॉर्टं कमी.

निळीबोट
मी हॅवलॉकवरच ठाम आहे, राधानगरसारखा किनारा दुसरा नाही. पण नील घेणारच असाल तर ऐका. पोर्ट ब्लेअरहून थेट बोट निवडा, हॅवलॉकमार्गे जाणारी फार लांबते. भरतपूरला राहू नका. जेट्टी शेजारी आहे आणि एका दिवसाचे प्रवासी तिथेच उतरतात, दुपारपर्यंत वॉटर स्पोर्ट्सच्या बोटींचा आवाज. लक्ष्मणपूर सूर्यास्ताचं, सीतापूर सूर्योदयाचं. भरतपूरला पाणी उथळ आणि शांत, न पोहणाऱ्याला कमरेएवढ्या पाण्यात बसायला उत्तम, पण भरतीलाच. ओहोटीला काचेच्या तळाच्या बोटीही अडतात. नैसर्गिक पुलाच्या खडकांकडे उलट ओहोटीलाच जाता येतं. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, तेव्हा ओहोटी खोल जाते. पोर्ट ब्लेअरची भरती-ओहोटी बघा, मुंबईचं वेळापत्रक तिथे लागू नाही. खडकांवर रबरी तळाचे बूट हवेत, चपला घसरतात.

नेरुळची_मावशी
नील भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध आहे, शाकाहारी जेवणाची चिंता नको. बाजारातल्या बंगाली खानावळीत भात-डाळ-भाजी मिळते. भाजीत मासा नाही ना, एवढं विचारा. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढा, एटीएमवर विसंबू नका. संध्याकाळी वाळूत बारीक माश्या चावतात, खाज आठवडाभर जात नाही. खोबरेल तेल लावून बसा. शंख-प्रवाळ उचलू नका, विमानतळावर सामान तपासतात.

कोलशेतची_शमा
ठरलं. पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, त्या दुपारी सेल्युलर जेल. मग चार रात्री सलग नील, लक्ष्मणपूरच्या बाजूला, शेवटची रात्र परत पोर्ट ब्लेअर. दोनच बोटी. स्कूबा नाही, राधानगर नाही. नुसता किनारा हवाय आम्हाला. हॉटेल सात दिवस आधीपर्यंत फुकट रद्द होणारं घेतलं. जातानाची बोट उघड्या डेकची मिळाली, येतानाची बंद कॅटामरानच आहे.

ऐरोली_डायव्हर
राधानगर सोडताय, पुन्हा विचार करा.

निळीबोट
येतानाच्या बोटीला जागा निवडता येते का बघा, खालचा मजला, मधली रांग. मूळ ओळखपत्र दोघांचं जवळ ठेवा, मोबाइलमधला फोटो जेट्टीवर चालेलच असं नाही.